अनोळखी माणसाच्या मेलवर विश्वास कसा ठेवायचा: डिजिटल सही तपासायची कशी आणि स्वतःची करायची कशी

द्राक्षाचा सीझन चालू झाला की आमच्या मेलवर रोज कोणी ना कोणी नवीन माणूस उगवतो. रॉटरडॅमचा खरेदीदार, दुबईचा एजंट, पनेटवाला, बॉक्सवाला, ग्रेप गार्डवाला, शिपिंगवाला. पॅकहाऊस दिंडोरी रोडला आहे, तिथला माल माझा दीर बघतो आणि कागदपत्रं, मेल, पेमेंट हे सगळं नाशिकला घरी बसून मी बघते. ह्यातल्या निम्म्या लोकांना मी कधी भेटलेली नसते आणि भेटणारही नसते, पण त्यांच्या मेलवर भरवसा ठेवूनच लाखालाखाचे व्यवहार करावे लागतात.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत काय झालं ते आधी सांगते, कारण हा लेख त्यातूनच आलाय. आमच्या बॉक्सवाल्याकडून मेल आला, जुन्या मेलच्या साखळीतच, खाली आमचंच आधीचं बोलणं जसंच्या तसं. लिहिलं होतं की आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, ह्या वेळचं पेमेंट कृपया नवीन खात्यावर करा. मी तेव्हाही अगदीच डोळे मिटून काम करत नव्हते, जीमेलमध्ये शो ओरिजिनल उघडून बघितलं होतं, तिथे मेल खरा आहे का ह्याच्या तीन तपासण्या दिसतात (त्या पुढे समजावते), एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. तिन्ही पास म्हटल्यावर मी १ लाख ८५ हजार पाठवून दिले. चार दिवसांनी बॉक्सवाल्याचा फोन, वहिनी पेमेंट कधी करताय. मग नीट बघितलं तर त्यांच्या डोमेनमध्ये, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या ॲटनंतरच्या भागात, एकच एल होता आणि ह्या मेलमध्ये दोन. त्यांचा मेलबॉक्स कोणीतरी फोडला होता, साखळी तिथून उचलली होती आणि जवळपास तसंच दिसणारं डोमेन विकत घेऊन त्याच्यावर सगळं रीतसर सेट केलं होतं. डोमेन नऊ दिवस जुनं. सही खरी होती, फक्त ती चोराच्या डोमेनची खरी सही होती.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून शिकले. जे कळलं ते क्रमाने लिहिते, कॉम्प्युटरचं शिक्षण नसलं तरी जमेल असं.

सही म्हणजे काय

डिजिटल सही म्हणजे कागदावरच्या सहीचा स्कॅन केलेला फोटो नव्हे, हे आधी डोक्यातून काढा, कारण आपल्याकडे अर्धे लोक पीडीएफवर सहीचा फोटो चिकटवतात आणि त्यालाच डिजिटल सही म्हणतात. खऱ्या डिजिटल सहीत किल्ल्यांची जोडी असते. एक प्रायव्हेट की, ती फक्त सही करणाऱ्याकडे, आणि एक पब्लिक की, ती जगाला वाटायची. मजकुराचा गणिती ठसा काढून त्यावर प्रायव्हेट कीने सही होते, आणि पब्लिक की ज्याच्याकडे आहे तो कोणीही ती तपासू शकतो. मजकुरात एक स्वल्पविराम जरी बदलला तरी सही तुटते. ह्यामागची कल्पना १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन ह्यांनी मांडली, पुढच्याच वर्षी आरएसए पद्धत आली, म्हणजे हे काही काल आलेलं खूळ नाही.

सही तुम्हाला दोनच गोष्टी सांगते. एक, हा मजकूर अमुक किल्ली ज्याच्या हातात आहे त्याने पाठवला. दोन, वाटेत त्यात कोणी फेरफार केला नाही. ती किल्ली कोणाची आहे आणि तो माणूस व्यवहाराला कसा आहे हे सही सांगत नाही, ते आपल्याला वेगळं शोधावं लागतं, आणि माझी चूक नेमकी तिथे झाली होती.

पायरी १: डोमेन एकेक अक्षर वाचा

मेलमध्ये पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं ते कोणी काहीही ठेवू शकतं, त्याकडे बघूच नका. नावावर क्लिक करून पूर्ण पत्ता उघडा आणि ॲटच्या चिन्हानंतरचा भाग अक्षर अक्षर वाचा, शक्यतो मोठ्याने. आर आणि एन शेजारी आले की एम दिसतो, ओच्या जागी शून्य, एलच्या जागी एक, मध्येच एक डॅश. मी आता डोमेन कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकते आणि खाली जुन्या बिलावरचं डोमेन स्वतः टाईप करते, दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की फरक लगेच डोळ्यात भरतो. रिप्लाय टू चा पत्ता वेगळा आहे का तेही बघा, कारण मेल एका पत्त्यावरून आणि उत्तर भलतीकडेच असा प्रकार फार चालतो.

अगदीच नवीन पार्टी असेल तर डोमेन कधी नोंदवलं गेलं ते हूइज ह्या डोमेनची नोंदणी दाखवणाऱ्या सेवेवर फुकट बघता येतं. वीस वर्षांचा धंदा आहे म्हणणाऱ्याचं डोमेन मागच्या आठवड्यातलं असेल तर तिथेच थांबा.

पायरी २: शो ओरिजिनल उघडा, पण पास शब्दाला भुलू नका

कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा, शो ओरिजिनल. वरच्या तक्त्यात तीन ओळी दिसतात.

एसपीएफ म्हणजे ज्या सर्व्हरवरून मेल निघाला त्याला त्या डोमेनने परवानगी दिलेली आहे का. पत्र कुठल्या पोस्टातून टाकलं एवढंच. मेल फॉरवर्ड होऊन आला असेल तर हे बऱ्याचदा फेल होतं, तेवढ्यावरून घाबरू नका.

डीकेआयएम ही खरी सही. पाठवणाऱ्या डोमेनचा सर्व्हर मेलवर सही करतो आणि तिची पब्लिक की त्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत (इंटरनेटवरच्या जाहीर नोंदवहीत) सगळ्यांसाठी ठेवलेली असते, आपलं जीमेल ती तिथून आणून तपासतं. ही सही माणसाची नसते, डोमेनची असते. म्हणजे कंपनीच्या कुठल्याही कर्मचाऱ्याच्या पत्त्यावरून, किंवा त्याचा पासवर्ड चोरणाऱ्याने पाठवलं तरी डीकेआयएम पासच येणार. आणि साध्या जीमेल पत्त्यावरून आलेल्या मेलला पास आलं तर त्याचा अर्थ इतकाच की हा मेल खरंच गूगलच्या सर्व्हरवरून आलाय, तसा पत्ता दोन मिनिटांत कोणीही उघडतो.

डीमार्क बघतं की वरच्या दोघांपैकी निदान एक पास आहे का आणि ते ज्या डोमेनसाठी पास झालं ते फ्रॉममध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळतं का.

आता मुख्य गोष्ट. डीकेआयएमच्या ओळीत पास ह्या शब्दाच्या शेजारी डोमेनचं नाव असतं. वाचायचं ते नाव. पास शब्द ही अर्धीच माहिती आहे, कोणासाठी पास हे उरलेलं अर्धं, आणि मी त्या फेब्रुवारीत फक्त पहिलं अर्धं वाचलं होतं. ते डोमेन पायरी १ मध्ये जुळवलेल्या डोमेनशी जुळलं तर मेल त्या कंपनीच्या सर्व्हरवरून आलाय हे नक्की. डीमार्क फेल असेल तर त्या मेलमधल्या कुठल्याही लिंकला, अटॅचमेंटला हात लावू नका.

मेलबॉक्सच फोडलेला असेल तर मात्र हे सगळं बरोबर येईल आणि तरी मेल चोराचा असेल. म्हणून बँक खातं बदलल्याचा मेल आला की सही कितीही हिरवी दिसो, जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आमच्याकडे हा नियम आता टेबलासमोर भिंतीवर लिहिलाय.

पायरी ३: सही केलेली पीडीएफ

भारतात अनोळखी व्यवसायाकडून खरी, कायद्याने मानलेली सही तुम्हाला बहुतेक पीडीएफवरच मिळेल. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मुळे डिजिटल सहीला कायदेशीर मान्यता आहे. सगळ्यात वर सीसीए म्हणजे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग ऑथॉरिटीज, त्यांनी परवाना दिलेल्या संस्था, ई-मुद्रा वगैरे, आणि त्या संस्था ओळख तपासून माणसाला डीएससी म्हणजे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट देतात. १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ प्रकारचं सर्टिफिकेट देणं बंद झालं, आता क्लास ३ च मिळतं, आणि प्रायव्हेट की पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनमध्ये असते, टोकनमधून ती कॉपी करून बाहेर काढता येत नाही.

तपासायचं असं. फाईल ब्राउझरमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडू नका, डाउनलोड करून कॉम्प्युटरवर ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. कागदावर छापलेली हिरवी टिकमार्क बघून समाधान मानू नका, ते नुसतं चित्रही असू शकतं. सिग्नेचर पॅनेल उघडा. पॅनेलच नाही म्हणजे सहीच नाही, विषय संपला. पॅनेलमध्ये सही केल्यापासून कागदपत्र बदललेलं नाही अशा अर्थाची ओळ हवी.

बऱ्याचदा पिवळं प्रश्नचिन्ह आणि व्हॅलिडिटी अननोन दिसतं. ई-आधार डाउनलोड करणाऱ्यांना हे पाठ असेल. ह्याचा अर्थ सही खोटी असा होत नाही, कोणी कोणाला सर्टिफिकेट दिलं त्या साखळीचं मूळ तुमच्या ॲक्रोबॅटला ओळखीचं नाही एवढाच. सहीवर राईट क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, शो सायनर्स सर्टिफिकेट. डावीकडे साखळी दिसेल, सगळ्यात वर सीसीए इंडिया असायला हवं. पण ते नाव कोणीही लिहू शकतं, म्हणून ते सर्टिफिकेट सीसीएच्या वेबसाइटवरच्या मूळ सर्टिफिकेटशी जुळलं तरच त्या वरच्या सर्टिफिकेटवर क्लिक करून ट्रस्ट टॅबमधून ॲड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स करा. खालच्या माणसाच्या सर्टिफिकेटला थेट ट्रस्टेड करू नका, तसं केलं तर चोरानेच बनवलेलं सर्टिफिकेटसुद्धा हिरवं होईल. ही चूक मी खूप जणांच्या कॉम्प्युटरवर बघितली आहे, पिवळं चिन्ह घालवायच्या घाईत लोक दिसेल त्याला ट्रस्ट करून टाकतात.

मग सर्टिफिकेटवरचं नाव, मुदत, आणि ऑर्गनायझेशन बघा. कंपनीच्या नावाने काढलेलं असेल तर तिथे कंपनीचं नाव येतं, वैयक्तिक असेल तर पर्सनल लिहिलेलं असतं. कंपनीचं कोटेशन आणि सही पर्सनल, तर विचारा की हे गृहस्थ तुमच्याकडे कोण. जीएसटी नंबर दिला असेल तर जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता सर्च टॅक्सपेयरमध्ये टाकून कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे का ते बघा, कोटेशन, सर्टिफिकेट आणि पोर्टल, तिन्हीकडे नाव एक यायला हवं.

युरोपचे खरेदीदार कधीकधी त्यांच्या ईआयडास ह्या ई-सहीच्या युरोपीय नियमाखालची क्वालिफाइड सही करतात, ती ॲक्रोबॅट बहुतेक वेळा आपोआप ओळखतं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे डीएससी काढतात आणि टोकन अकाउंटंटच्या ऑफिसात ठेवून देतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी ड्रॉवर बघितलाय, पंचवीस-तीस टोकनं, प्रत्येकाला रबरबँडने कागदाची चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि खाली पासवर्ड. अकाउंटंट साहेब प्रामाणिकच आहेत, पण त्या ऑफिसात येणारा जाणारा कोणीही त्या तीस जणांच्या नावाने सही करू शकतो आणि कायद्यापुढे ती त्या माणसाचीच सही. तुमचं टोकन असं पडलं असेल तर आजच घेऊन या, पासवर्ड बदला, आणि रिटर्न भरायच्या दिवशी स्वतः घेऊन जा. समोरच्याची सही तपासायला लागायच्या आधी आपली सही आपल्याच हातात असली पाहिजे.

पायरी ४: आपलं डोमेन नीट करा

हे लोक विसरतात. रॉटरडॅमच्या माणसासाठी अनोळखी आपण आहोत. कंपनीच्या नावापुढे ॲट जीमेल लावून कंटेनरभर द्राक्षाची ऑफर पाठवली तर त्याने का विश्वास ठेवावा. स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला द्राक्षाच्या काही क्रेटएवढाच खर्च आहे.

गूगल वर्कस्पेस (स्वतःच्या डोमेनवर चालणारं जीमेल) घेतलं असेल तर ॲडमिन पॅनेलमध्ये जीमेलच्या सेटिंगमध्ये ऑथेंटिकेट ईमेल आहे, तिथे नवीन रेकॉर्ड तयार करा, २०४८ बिटच्या किल्लीचा, तो टीएक्सटी रेकॉर्ड डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये टाका, ४८ तासांपर्यंत थांबा, आणि परत येऊन स्टार्ट ऑथेंटिकेशन दाबा. हे शेवटचं बटण दाबायचं राहून जातं आणि लोक महिनोन्‌महिने समजतात की डीकेआयएम चालू आहे. मग एसपीएफचा रेकॉर्ड, आणि त्यानंतर डीमार्क, आधी पी इक्वल टू नन (काही अडवू नका) ठेवून रिपोर्ट बघा, आपले सगळे मेल पास होतायत दिसलं की क्वारंटाइन (फेल झालेले स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (घेऊच नका). रिजेक्टपर्यंत गेलात की तुमच्या नेमक्या डोमेनच्या नावाने खोटा मेल पाठवणाऱ्याचं काम अवघड होतं. स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवून शो ओरिजिनलमध्ये तपासा.

पायरी ५: माणसाची स्वतःची सही, ओपनपीजीपी

डीकेआयएम डोमेनची सही, पीडीएफची सही कागदापुरती. रोजच्या मेलवर माणसाची सही हवी असेल तर दोन रस्ते. एस-माइम, ज्यात सर्टिफिकेट संस्थेकडून घ्यावं लागतं आणि ते आउटलुक, ॲपल मेल, थंडरबर्ड ह्या मेलच्या तिन्ही प्रोग्रॅममध्ये चालतं. आणि ओपनपीजीपी, ज्याचं मूळ पीजीपी फिल झिमरमन ह्यांनी १९९१ मध्ये काढलं, त्यात वर कोणी संस्था नाही, किल्ली आपणच बनवायची आणि ओळखही आपणच पटवायची. मला हा दुसरा रस्ता आवडतो कारण फुकट आहे आणि लहान व्यावसायिकाला झेपतो.

थंडरबर्ड घ्या, २०२० च्या ७८ आवृत्तीपासून ओपनपीजीपी त्यातच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. जीमेलचं खातं त्यात जोडा. अकाउंट सेटिंग्ज, एंड टू एंड एन्क्रिप्शन, ॲड की, क्रिएट न्यू. मुदत तीन वर्षं येते, तशीच राहू द्या. लगेच सीक्रेट कीचा, म्हणजे प्रायव्हेट कीचाच, बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, त्याला दिलेला पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कपाटात दागिन्यांच्या शेजारी ठेवा आणि पेनड्राइव्ह दुसरीकडे. मग मेल लिहिताना ओपनपीजीपीच्या मेनूतून डिजिटली साइन निवडा आणि पब्लिक की अटॅच करा.

सही केलेल्या मेलच्या मजकुरातच समोरच्याचं नाव, तारीख आणि ऑर्डर नंबर लिहा. सही मजकुरावर असते, विषयाची ओळ आणि टू चा पत्ता त्यात येईलच असं नाही. तुम्ही एकाला सही करून नुसतं मंजूर आहे, माल पाठवा एवढंच लिहिलंत तर तोच मेल जसाच्या तसा दुसऱ्याला दाखवता येतो आणि सही खरीच निघते.

पायरी ६: किल्ली खरंच त्याचीच आहे का

अनोळखी माणसाकडून सही केलेला मेल आला की थंडरबर्ड आधी सांगतं सही अनिश्चित आहे, कारण ती किल्ली तुम्ही अजून मान्य केलेली नाही. ते बरोबरच आहे. कुठल्याही नावाने किल्ली कोणीही बनवू शकतो. प्रत्येक किल्लीला ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट असतो, शून्य ते नऊ आणि ए ते एफ, चार चारच्या दहा गटांत. पूर्ण ४० जुळवायचे. शेवटचे आठ जुळले म्हणून सोडू नका, शेवटची आठ अक्षरं सारखी येतील अशी खोटी किल्ली मुद्दाम बनवता येते.

फिंगरप्रिंट मेलवर मागून उपयोग नाही, मेलवर तर संशयच आहे. दुसऱ्या वाटेने मिळवा, फोनवर, व्हिडिओ कॉलवर, छापील कार्डावर, प्रत्यक्ष भेटीत. जुळला की थंडरबर्डमध्ये त्या किल्लीसाठी मी पडताळणी केली आहे हा पर्याय निवडा. एवढं करायला वेळ नसेल तर स्वीकारते पण पडताळलेलं नाही असाही पर्याय आहे, तो चौकशीच्या मेलपुरता ठीक, पैशाच्या मेलला नाही. आणि पुढे कधी त्याच माणसाकडून वेगळ्याच किल्लीने सही आली तर काम थांबवून फोन.

मागच्या सीझनला पिंपळगाव बसवंतचा एक नवीन बॉक्सवाला आला, कोणाच्या ओळखीचा नाही, काही नाही, मेलवरच कोटेशन. मी म्हटलं दादा, आमच्याकडे हा नियम आहे. तरुण मुलगा होता, त्याने त्याच रात्री यूट्यूबवर बघून थंडरबर्ड लावलं. त्याचा नंबर मी पिंपळगावच्या माझ्या मावसभावाकडून मागवला, दुकानाच्या पाटीवरून वाचून घेतलेला, आणि सकाळी फोन लावला. रेंज अशी की बी आणि डी एकच ऐकू येत होतं, तेव्हा त्यानेच तोडगा काढला, ए अंबडचा, बी बागलाणचा, सी चांदवडचा, डी दिंडोरीचा, ई एकलहऱ्याचा, एफ फुलांचा. दहा गट वाचायला सहा मिनिटं लागली, सातव्या गटात तो बागलाण म्हणाला आणि माझ्या स्क्रीनवर दिंडोरी होतं, परत विचारलं तर त्याची ओळ चुकली होती, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी ४० च्या ४० जुळले.

दुसऱ्या दिवशी त्याचं सुधारित कोटेशन आलं, सही बरोबर, मजकुरात माझं नाव आणि तारीख. आता एवढं नक्की होतं की लिहिणारा तोच, पिंपळगावच्या पाटीवरचा. त्याचे बॉक्स प्री-कूलिंगच्या, म्हणजे माल पाठवण्याआधी गार करतानाच्या, ओलीत टिकतात की नाही हे सहीतून कळणार नव्हतं, म्हणून पाच हजार बॉक्सची गरज असताना पहिली ऑर्डर पाचशेचीच दिली, आणि माझ्या सहीच्या मेलमध्ये आकडा अक्षरातही लिहिला.

कोणाचे पैसे गेलेच असतील तर हे वाचत बसण्याआधी १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, जितक्या लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. आमचे चार दिवस गेले होते, १ लाख ८५ हजारांतले ४० हजारच अडवता आले. फोन लावताना व्यवहाराचा यूटीआर नंबर समोर ठेवा, तोच पहिल्यांदा विचारतात, आणि तो चोराचा मेल डिलीट करू नका, शो ओरिजिनलमधून पूर्ण डाउनलोड करून ठेवा.